ज-खालचा नुक्ता

आमच्या घरमालकांना कुणी काही सरळ सांगितलेलं सहन होत नसे. लखनऊच्या महानगर नावाच्या वस्तीतलं त्यांचं घर बघायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा दारातच त्यांनी विचारलं, "हं, बोला. लखनऊला कशा आलात?"

मी म्हटलं, "बदली झाली. मूळची सोलापूरची. सरकारी ऑफिसात हिंदी अनुवादक आहे. तुमची वरची खोली रिकामी आहे असं कळलं."

त्यांनी दाढ दुखल्यासारखा चेहरा केला आणि हात वर केला.

"थांबा. सुरुवात चुकली. बदली पहिल्याच वाक्यात सांगून टाकलीत. आता पुढचं मी कशाला ऐकू?"

"खोली भाड्यानं द्यायची आहे म्हणून," मी म्हटलं.

आतून काकू मोठ्यानं हसल्या. खोली मला मिळाली ती काकूंमुळे. काका त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी त्यांना काका म्हणे, ते मला 'अनुवादकबाई'. गृहस्थ मूळचे साताऱ्याकडचे, चाळीसेक वर्षांपूर्वी केंद्र सरकारच्या नोकरीत लखनऊला आले आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिले. दिवाळीपासून होळीपर्यंत डोक्याला कानटोपी, गळ्यात मफलर आणि स्वेटरच्या खिशात खडूचा तुकडा. दर रविवारी अकरा वाजता त्यांच्या व्हरांड्यात वर्ग भरे. विषय एकच, आपल्या आयुष्यात खरोखर घडलेल्या घटनांची गोष्ट कशी रचायची. वर्गाला फी नव्हती. फी असती तर चिटपाखरूही आलं नसतं, असं काकूंचं मत होतं.

आम्ही सहा जण असू. हवाई दलातून निवृत्त झालेले एक वॉरंट ऑफिसर, ज्यांच्या प्रत्येक गोष्टीत एक विमान उडायचं राहून जाई. रेल्वेतल्या एका इंजिनियरची बायको आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी, जिला मराठी सगळं कळायचं पण उत्तर ती हिंदीतच द्यायची. आणखी दोघं होते ते काकूंच्या मटार घातलेल्या पोह्यांसाठी येत. खरं सांगायचं तर मीही पोह्यांसाठीच जाई.

भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर काका खडूनं एक डोंगर काढत. "गोष्टीला घाट हवा!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मराठीत घाट म्हणजे डोंगरातला रस्ता आणि घाट म्हणजे घडणही, काका दोन्ही अर्थ एकाच दमात वापरून टाकत. "आपला खंबाटकी आठवा. वळणामागे काय आहे ते वळेपर्यंत दिसता कामा नये. आणि हा मुलूख बघा! इथून कानपूरपर्यंत एक टेकाड नाही. म्हणून इथल्या माणसांच्या गोष्टी सपाट." ज्या शहरात पानवाला सुटे पैसे नाहीत हेसुद्धा आठ वाक्यांखाली सांगत नाही, त्या शहराबद्दल हे बोलणं. पण काकांना लखनऊच्या कुणाचं ऐकायला वेळ होता कुठे!

सकाळी भाजीवाला दारात हाक मारी. काका फाटकाशी जाऊन त्याला अडवत. "भैया, दाम अभी मत बताओ. पहले ये बताओ, सुबह मंडी में हुआ क्या?"

"होना क्या है बाबूजी, जाम लगा था. मटर लेना है कि नहीं?"

"बघितलंत?" काका वर माझ्या खिडकीकडे बघून ओरडत. "जाम! केवढी गोष्ट होती, मातीत घातली." तेवढ्यात काकू मागच्या दारानं जाऊन, गल्लीच्या टोकाला त्याच भाजीवाल्याला गाठून मटार घेऊन आलेल्या असत.

एकदा त्यांच्या छातीत दुखू लागलं. काकू घाबरल्या, मी ई-रिक्षा आणली आणि आम्ही त्यांना जवळच्या कपूरथला चौकातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "दर्द कहाँ है?" काका म्हणाले, "डॉक्टर साहब, दर्द आगे आएगा. पहले आप वो शाम समझ लीजिए." मग ती संध्याकाळ डॉक्टरांना समजावून देण्यात आली. मावळतीचा रंग, अंगणातलं पेरूचं झाड, मनाला लागलेली अनामिक हुरहूर. मुळ्याचे पाच पराठे खाल्ले होते ही गोष्ट काका शेवटच्या वळणासाठी राखून होते. काकूंनी ती मधेच सांगितली. डॉक्टरांनी गॅसची गोळी दिली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. परत येताना काका काकूंवर इतके चिडले होते की छातीतलं दुखणं विसरूनच गेले.

मराठी मंडळातले एक सदस्य वारले तेव्हा शोकसभेत काकांना बोलायला सांगण्याची चूक झाली. काकांनी गेलेल्या माणसाचं नाव शेवटी जाहीर करायचं ठरवलं. पंधरा मिनिटं झाली तरी गेलंय कोण ते कळेना. हॉलमध्ये उशिरा आलेली माणसं एकमेकांना विचारू लागली. पुढे बसलेल्या, गेलेल्यांच्या पत्नीसुद्धा रडायच्या थांबल्या आणि आता काय होतंय म्हणून ऐकू लागल्या. काकांच्या मते ते त्यांचं आजवरचं सर्वांत यशस्वी भाषण.

माझ्यावरही त्यांनी हत्यार चालवलं. मी वर्गात आईवर लिहून नेलं होतं. ती सोलापुरात एकटी राहते, मी इतक्या लांब, रोज फोनवर आम्ही भाजी काय केली एवढंच बोलतो, असं साधंसुधं. काकांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला आणि म्हणाले, "दुसऱ्या पानावर आई गेली पाहिजे."

"काका, माझी आई जिवंत आहे."

"ते तुमच्या सोयीचं झालं. वाचकाचं काय?"

इंजिनियरच्या मुलीनं हळूच विचारलं, "अंकल, लेकिन सच में तो ऐसा नहीं हुआ ना?" काका म्हणाले, "खरं तेच सांगायचं. फक्त जरा हलवून घ्यायचं." मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि त्या संध्याकाळी आईशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलले. ती म्हणाली, "काय गं, बरी आहेस ना?"

पण काकांची खरी ठेवणीतली गोष्ट म्हणजे 'राजीनामा'. वर्षातून दोनदा ती व्हायचीच, एकदा गणपतीत मंडळाच्या मंचावर आणि एकदा वर्गात. गोष्ट अशी. काकांच्या ऑफिसातून एका चौकशीची फाइल गहाळ होते. आळ येतो गरीब बिचाऱ्या दफ्तऱ्यावर, म्हणजे फायली बांधून कपाटात लावणाऱ्या माणसावर. मोठे साहेब काकांना सांगतात, याच्याविरुद्ध रिपोर्ट लिहा. काका नकार देतात. बाहेर धुकं. साहेब दटावतात. पुन्हा नकार. धुकं वाढतं. साहेब बढतीचं आमिष दाखवतात. काका उठून उभे राहतात. इथे ते खरोखरच उभे राहत. "आणि मी त्यांच्या टेबलावर हे ठेवलं!" असं म्हणून प्लास्टिकच्या पाकिटातून एक पिवळा पडलेला कागद अर्धा बाहेर काढत. वर ठसठशीत हिंदी अक्षरांत मथळा, राज़ीनामा. खाली शिक्क्याचा कोपरा. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कागद परत आत. वॉरंट ऑफिसरसाहेब दर वेळी रुमाल काढत.

समोर बसलेले सगळे एकतर केंद्र सरकारी नोकर, नाहीतर त्यांचे कुटुंबीय. राजीनामा दिला की पेन्शनवर पाणी सोडावं लागतं हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आणि काका दर महिन्याला पेन्शन घेऊन येताना कपूरथलाहून गजक, म्हणजे इकडची तिळाची चिक्की, आणत, ती आम्हीच खात होतो. तरी कुणाला प्रश्न पडला नाही. घाटातल्या वळणावर कोण हिशेब विचारतो!

एक गोष्ट मात्र मी पाहिली होती. ही गोष्ट सुरू झाली की दर वेळी काकू उठत. "दूध उतू जातंय," म्हणून आत जात आणि टाळ्या संपल्यावरच बाहेर येत. दर वेळी त्याच वळणावर दूध कसं उतू जातं याचं मला हसू यायचं.

आणि मला तो नुक्ता खुपायचा. ज-खाली दिलेलं टिंब, उर्दूतून आलेल्या शब्दांना हिंदीत देतात ते. मी पोटापाण्यासाठी दिवसभर हिंदीच लिहिते. सरकारी हिंदीत नोकरी सोडण्याच्या पत्राला त्यागपत्र म्हणतात, बोलताना इस्तीफ़ा. मी एकदा काकांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "लखनऊच्या जुन्या बाबूंची भाषा वेगळी होती, अनुवादकबाई. ती तुमच्या परीक्षेत येत नाही." मी गप्प बसले. वरची खोली उबदार होती आणि महानगरात दुसरी इतकी चांगली मिळाली नसती. हेही खरं तेच सांगतेय.

जानेवारीतला एक शनिवार. काका चष्मा बदलायला हज़रतगंजला गेले होते. फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ ई-रिक्षातून उतरले, हातात काठी, अंगावर तपकिरी शाल. काकांचं नाव घेऊन विचारू लागले. मी त्यांना व्हरांड्यात उन्हाला बसवलं आणि काकूंना हाक मारली. काकू पदराला हात पुसत आल्या, त्यांना बघून दारातच थांबल्या, नमस्ते म्हणाल्या आणि आत गेल्या. चहा मग मलाच आणावा लागला.

"बिटिया, साहब से छोटा-सा काम था," म्हातारे म्हणाले. "बहुत साल पहले हमारे और साहब के बीच एक राज़ीनामा हुआ था."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. नोकरीचा राजीनामा एकटा माणूस देतो. तो दोघांच्या 'बीच' कसा होईल? आणि मग मला स्वतःच्या डोक्यात मारून घ्यावंसं वाटलं. अनुवादक म्हणे! या मुलखात राज़ीनामा म्हणजे तडजोडीचा कागद. भांडणारे दोघे राज़ी झाले, एकानं तक्रार मागे घेतली, सही केली, प्रकरण मिटलं. बाहेरच्या रस्त्यावरच्या कुठल्याही भाजीवाल्याला काकांनी तो मथळा दाखवला असता तर त्यानं अर्थ सांगितला असता. इतकी वर्षं ही लबाडी टिकली, कारण ती गोष्ट फक्त मराठी माणसांना सांगितली जात होती, आणि आम्ही एक ओळखीचा शब्द दिसला म्हणून टाळ्या पिटत होतो.

म्हातारे म्हणजे तोच दफ्तरी. त्यांनी सगळं सहा-सात वाक्यांत सांगितलं.

"फ़ाइल साहब घर ले गए थे. कहते थे, इसमें बड़ी बढ़िया कहानी है. लौटाने आ रहे थे, हज़रतगंज में रिक्शे पर छूट गई. हमसे पूछा गया तो हमने लिखकर दे दिया कि साहब ले गए थे. फिर दोनों को बैठाकर राज़ीनामा कराया गया. हम लिख दें कि भूल हमसे हुई, नौकरी बनी रहेगी. तीन बच्चे थे बिटिया, लिख दिया."

ना धुकं, ना घाट.

"अब क्या चाहिए आपको?" मी विचारलं.

"कुछ नहीं. लड़का तब इंटर में था. मोहल्ले में बात फैली कि हमने फ़ाइल बेच दी. उसने भी मान लिया. आज उसी के घर रहते हैं, विकास नगर में. रोटी देता है, दवा लाता है, बात नहीं करता. डॉक्टर कहते हैं दिल कमज़ोर है. साहब एक बार उससे कह दें, बस."

काका आले ते नवा चष्मा लावूनच. म्हाताऱ्यांना बघून फाटकातच उभे राहिले. त्यांना बोलायला शब्द सापडत नाहीत हे मी तेव्हा प्रथमच पाहिलं. सगळं ऐकून म्हणाले, "आएँगे, ज़रूर आएँगे. कल तो क्लास है, अगले हफ़्ते..."

"आजच जा," आतून काकूंचा आवाज आला.

मला स्वयंपाकघरात बोलावून त्या म्हणाल्या, "तू बरोबर जा गं. एकटे गेले तर भलतंच काहीतरी सांगून येतील."

ऑटोत आम्ही तिघं. म्हातारे मधे, डोळे मिटून. मी बघते तो काकांनी चष्म्याच्या दुकानाचं पाकीट गुडघ्यावर ठेवून त्यावर पेननं डोंगर काढायला घेतला होता. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुलापासून सुरुवात करावी की फाइलपासून?"

विकास नगरात खाली मुलाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. मुलगा चाळिशीचा, वर आला आणि उभाच राहिला. "जी, कहिए. दुकान खुली छोड़कर आया हूँ."

काकांनी घसा साफ केला. "बेटा, वो दिसंबर की सुबह थी. ऐसा कोहरा कि हाथ को हाथ न सूझे..." कोहरा बराच वेळ चालला. मग रिक्षा आली, रिक्षावाल्याचं फाटकं ब्लँकेट आलं, नियतीही आली. मुलानं दोनदा फोनमध्ये वेळ बघितली. एकदा जिन्याकडे पाऊल टाकलं. म्हातारे बाजेवर बसून त्याच्याकडे बघत होते, आणि मला कळत होतं की तो खाली गेला तर पुन्हा वर येणार नाही.

म्हाताऱ्यांनी हात जोडले. "साहब, आख़िरी लाइन पहले बोल दीजिए."

काकांचा हात स्वेटरच्या खिशात गेला, बहुधा खडूसाठी. मग ते म्हणाले, "फ़ाइल मुझसे खोई थी."

मुलगा वळला. "और वो काग़ज़? जिस पर पापा के साइन हैं?"

"मैंने लिखवाया था."

तो जिना उतरून गेला. खाली दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज झाला. काका माझ्याकडे बघू लागले, मी जमिनीकडे. मग तो परत वर आला. बाजेच्या कडेला बापाच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "पापा, खाना खाया?"

म्हाताऱ्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते मला कळलं नाही. आम्ही उठलो. आम्हाला पोचवायला कुणी आलं नाही आणि ते अगदी बरोबर होतं.

परतीच्या ऑटोत काका बराच वेळ गप्प होते. माणूस हलला असेल, असं मला वाटलं. माझ्या मनात त्यांच्याबद्दल थोडी माया दाटायलाही लागली होती. कपूरथलाचा चौक आला तेव्हा ते म्हणाले, "शेवट जरा सपाट झाला."

मी ऑटो थांबवून उतरले आणि तणतणत पायी घरी गेले. इतका संताप मला ऑफिसातल्या कुणाचा कधी आला नव्हता. नुसता काकांचाच नव्हे. वर्षानुवर्षं टाळ्या पिटणाऱ्यांत माझेही दोन हात होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी जाणारच नव्हते, पण खालून काकूंनी हाक मारली, "ये गं, बस." व्हरांड्यात सगळे जमले होते. काकूही आपला मोडा, वेताचं बुटकं स्टूल, ओढून दाराशी बसल्या होत्या. काका नवा मफलर घालून फळ्यापाशी उभे राहिले.

"आज 'राजीनामा'चा उत्तरार्ध," ते म्हणाले. "कालच घडलेली, शंभर टक्के सत्य घटना. दाट धुकं. गेली कित्येक वर्षं मी ज्याला शोधत होतो, त्या दफ्तऱ्याचा पत्ता अखेर मला लागला..."

कालच्या दुपारी लख्ख ऊन होतं. गोष्टीत मात्र काका धुक्यातून एकटेच विकास नगरात गेले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'तुझा बाप निर्दोष आहे, त्याच्यासाठीच मी नोकरीवर लाथ मारली,' आणि म्हातारा त्यांच्या पायांवर कोसळला. मी त्यात कुठेच नव्हते, त्याचं काही नाही. पण ते म्हातारे पायांवर कोसळलेले मला बघवेनात. वॉरंट ऑफिसरसाहेबांचा हात रुमालाकडे गेला.

"थांबा," मी म्हटलं. "सुरुवात चुकली."

सगळ्यांनी माना वळवल्या. इंजिनियरची मुलगी म्हणाली, "मतलब, दीदी?"

"फाइल काकांनी हरवली होती. आणि तो राज़ीनामा नोकरीचा नाही. इथं तडजोडीच्या कागदाला राज़ीनामा म्हणतात. गुन्हा दफ्तऱ्याच्या नावावर लिहून घेतलेला कागद आहे तो."

मुलीनं आईकडे बघितलं. "हाँ मम्मी, राज़ीनामा तो समझौता होता है," ती म्हणाली. इतकी वर्षं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

काका खडू धरून उभे. आता ते मला खोली खाली करायला सांगणार हे मी धरून चालले होते, मनातल्या मनात ट्रंकही भरली होती. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते काकूंकडे बघत होते, केविलवाणे होऊन, आणि मला एकदम समजलं की ते दूध उतू जाण्याची वाट बघताहेत.

आतून खरंच करपल्याचा वास आला. गॅसवर दूध होतं आणि ते खरंच उतू गेलं होतं. इंजिनियरची बायको म्हणाली, "काकू, दूध!"

काकू मोड्यावरून हलल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा हो. मी आज बसलेय ऐकायला."